आधी आंबट, मग लोखंड

आमचे सर, म्हणजे लॅबचे मुख्य केमिस्ट, रंगाच्या कारखान्यात रोज पांढराशुभ्र शर्ट घालून यायचे. सातपूरच्या त्या कारखान्यात वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे खाकी नाहीतर काळपट निळं काहीतरी अंगात घालत, कारण आत पाऊल टाकलं की कुठून ना कुठून शिंतोडा उडायचाच. सरांवरही उडायचा. मग ते खिशातून पेन्सिल काढत, डागाभोवती नीट गोल काढत आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख न् टाकीचा नंबर लिहीत. शनिवारी दुपारी अंगावर लॅबचा कोट चढवून ते शर्ट टेबलावर पसरत आणि एकेका डागावर आपलं औषध थेंबाथेंबाने सोडत. कुठला रंग किती मिनिटांत गेला, याची त्यांनी वही ठेवली होती. त्यांच्या बायको एकदा डबा द्यायला गेटवर आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "धोब्याने यांचे कपडे घ्यायचं सोडलंय. म्हणतो, बाई, हा शर्ट आहे का पंचनामा?"

मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. मनमाडला वडील रेल्वेत होते, पाठचे दोन भाऊ शिकत होते, आणि आमच्या सगळ्या कॉलनीत बीएस्सी झालेली मी पहिलीच मुलगी. नाशिकरोडला मावशीकडे राहून रोज दोन बस बदलून सातपूरला जायचे. मुलगी म्हणून कारखान्याच्या आतल्या बाजूला कामाला असलेलीही मी पहिलीच. त्यामुळे कोण काय म्हणतंय, कोण कसं बघतंय, याच्याकडे माझं बारीक लक्ष असायचं आणि नाकावर राग कायम तयार असायचा.

तो पहिल्याच दिवशी उफाळला. दुपारी चहा आला, तर सगळ्यांनी फळीवरून काचेचे बीकर घेतले आणि सरांनी माझ्यापुढे एक कोरा करकरीत बीकर ठेवला. वर लाल ऑइलपेंटने माझं आडनाव लिहिलेलं. सर पंचवटीतले. त्यांचे दोघे भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. मी मनात म्हटलं, झालं, आलंच हे इथेही. मी तडक विचारलं, "माझं भांडं वेगळं कशाला?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. ते सगळ्यांना अहो-जाहो करत. झाडूवाल्यालाही, मलाही, फाटकातल्या कुत्र्यालाही. म्हणाले, "अहो बाई, सगळ्यांचंच वेगळं आहे. उद्या मालक आले तरी त्यांचं वेगळंच राहील. या खोलीत कुठल्या भांड्यात काल काय होतं ते सांगता येत नाही." आणि फळीवरचे सगळे बीकर त्यांनी एकेक करून मला दाखवले. प्रत्येकावर आडनाव होतं. त्यांच्या स्वतःच्या बीकरवर तर आडनावाखाली कवटीही काढलेली होती, कारण त्यांच्या बीकरमध्ये ते स्वतःच काहीबाही विरघळवून ठेवत. मी ओशाळले. पण त्यांना माझ्या प्रश्नातलं न बोललेलं सगळं कळलं होतं. त्यांनी माझा बीकर उचलला, त्यातला अर्धा चहा आपल्या बीकरमध्ये ओतून घेतला, पिऊन टाकला आणि नळीत पाणी भरायला लागले. त्यावर पुढे दहा वर्षांत आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्या माणसाची झाले.

काम काय होतं ते सांगते. रंग तयार करताना जे पाणी उरतं ते भयंकर असतं. आमच्या आवारात त्यासाठी एक मोठा खड्डा होता. नाशिकच्या माणसाला रंगपंचमीची रहाड, म्हणजे लोक उड्या मारतात तो रंगाच्या पाण्याचा हौद, माहीत असते. तसाच तो खड्डा बारा महिने भरलेला, एवढंच की यात उडी मारायची कुणाची टाप नव्हती. सर येण्याआधी हे पाणी सरळ मागच्या नाल्यात सोडत. नाला खाली एका वाडीजवळून जायचा आणि त्या वाडीची विहीर हळूहळू नारिंगी व्हायला लागली होती.

रंग गाळून जात नाही, उन्हाने जात नाही, जंतू त्याला खात नाहीत. सरांनी कुठल्याशा जुन्या जर्मन मासिकात एक पद्धत वाचली होती. पाणी आधी आम्लाने आंबट करायचं, मग त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार विरघळवायचा, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी सावकाश सोडायचं. लोखंडाची आणि पेरॉक्साइडची गाठ पडली की असं काहीतरी तयार होतं, जे समोर येईल ती घाण जाळत सुटतं. सर याला 'थंड भट्टी' म्हणत. "अहो, विस्तवच आहे हा. फक्त पाण्यात बसलाय." शेवटी चुना टाकला की लोखंड गंजाच्या गाळासारखं खाली बसतं आणि वर नितळ पाणी राहतं. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा जांभळं पाणी माझ्या डोळ्यांदेखत आधी तपकिरी, मग पिवळं, मग काहीच नाही असं झालं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याची मला अजून लाज वाटते आणि आनंदही होतो.

क्रम चुकला की सगळं फुकट जायचं, म्हणून सरांनी त्याचं गाणं केलं होतं. "आधी आंबट, मग लोखंड, मग बाटली, शेवटी चुना." बाटली म्हणजे पेरॉक्साइड. सकाळी आत येणाऱ्या प्रत्येकाकडून ते हे वदवून घेत. मॅनेजरनाही एकदा थांबवून म्हणायला लावलं होतं, आणि ते बिचारे टाय सावरत म्हणालेही. कुणी भावांचा विषय काढला तर सर म्हणायचे, "ते माणसांची पापं धुतात, मी कारखान्याची धुतो. धंदा घरचाच आहे. फक्त माझं गिऱ्हाईक दक्षिणा देत नाही."

हे सगळं एका लहान टाकीत चालायचं, आणि त्या टाकीवर दामूभाऊ असत. घोटीकडचे, वयाने सरांएवढेच, शाळा दुसरीपर्यंत. कागदावर लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं, पण पाण्याच्या फेसावरून ते आतलं सगळं सांगत. सरांवर त्यांचा इतका जीव की सरांनी शिंक दिली तरी दामूभाऊ गूळ-सुंठ घेऊन यायचे.

आणि होतं रोजच्या चाचण्यांचं रजिस्टर. सरांचं सगळ्यात मोठं वेड तेच. त्यात पेनानेच लिहायचं. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता यायला हवा, शेजारी खरा आकडा आणि सही. संध्याकाळी सर प्रत्येक आकड्याचं गणित स्वतः परत करत आणि पटलं की आकड्याच्या डोक्यावर पेन्सिलने बारीकशी बरोबरची खूण करत. त्यांची खूण पडली की माझा दिवस संपायचा. खूण नसलेला आकडा मला रात्री जेवू द्यायचा नाही, इतकी मी तेव्हा घाबरट होते.

दर सोमवारी सर स्वतः चालत खालच्या वाडीत जात आणि विहिरीतल्या पाण्याची बाटली भरून आणत. एकदा मीही गेले. विहिरीवर जिजाबाई नावाच्या एक बाई होत्या, त्यांनी सरांना लांबूनच आवाज दिला, "या, या! आज कोन्ता रंग धाडला? लेकराचं धुतलेलं सदरं पिवळं झालं माझ्या. शाळेत पोरं हसत्यात त्याला."

सर म्हणाले, "अजून महिनाभर थांबा, जिजाबाई."

"लय महिने थांबले. तुमी येता, बाटली भरता, जाता. पानी काय तुमच्या बाटलीनं सुधरनार हाय?"

सरांनी बाटली भरून बूच लावलं आणि आम्ही परत निघालो. गेटवर आल्यावर म्हणाले, "अहो बाई, बरोबर बोलल्या त्या." मी बघितलं, तर त्यांच्या शर्टावर विहिरीच्या पाण्याचा शिंतोडा उडाला होता आणि त्याभोवती त्यांनी गोल काढला होता.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते, पण पेरॉक्साइड महाग होतं आणि वरून प्रश्न येत होते. शेवटी त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं: मुंबईहून मालक गुरुवारी तीन वाजता येणार आहेत. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे ओळीने तीन दिवस घाण अर्ध्याच्या खाली आलेली दाखवा. आली तर मोठी टाकी बांधू. नाही आली तर हा उद्योग बंद, पाणी पूर्वीसारखं नाल्यात. घाण मोजायची चाचणी मी करायची होती. पाण्यातली घाण जाळायला किती प्राणवायू लागेल हे त्यात कळतं. आकडा जितका मोठा, तितकं पाणी घाण.

मंगळवार छान गेला. बुधवारही. दोन्ही आकड्यांवर खुणा पडल्या. गुरुवारी सकाळी सर वाडीत गेले. मालकांना विहिरीचंही ताजं पाणी दाखवायचं म्हणून. जाताना म्हणाले, "घाई करू नका."

पण घाई तर होतीच. एरवी चुना टाकल्यावर पाणी चार-पाच तास निवळू देऊन मग आम्ही नमुना घ्यायचो. त्या दिवशी तीन वाजायच्या आत आकडा हवा होता, म्हणून चुना पडल्यावर लगेच घेतला. पाणी तर काचेसारखं. इतकं स्वच्छ आधी कधीच आलं नव्हतं. मी चाचणी लावली, दोन तास उकळली, आणि आकडा आला तो न शुद्ध केलेल्या पाण्यापेक्षाही जास्त. मी पुन्हा मोजलं. दुसऱ्या भांड्यातलंही मोजलं. तेच.

पाणी समोर नितळ होतं आणि आकडा म्हणत होता की ते खड्ड्यापेक्षा घाण आहे. म्हणजे चूक माझीच असणार, असं मी धरून चालले. सरांची पद्धत चुकेल हे माझ्या मनातही आलं नाही. माझ्या एका मूर्खपणामुळे सरांची सगळी मेहनत जाणार, जिजाबाईंची विहीर जाणार, आणि माझी नोकरी तर गेल्यातच जमा. तेवढ्यात मॅनेजरांचा माणूस आकडा मागायला आला. मी बुधवारच्या आकड्याच्या आसपासचा एक छानसा आकडा रजिस्टरमध्ये लिहिला. पेनाने.

सर पावणेतीनला आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, पेन्सिल काढली आणि थांबले. टेबलावर ब्युरेट, म्हणजे चाचणीचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायची खुणांची काचेची नळी, तशीच उभी होती, धुवायची मी विसरले होते. त्या चाचणीत पाणी जितकं घाण, तितकी ब्युरेटमधली पातळी कमी उतरते. रजिस्टर म्हणत होतं की पातळी बरीच उतरली, आणि ब्युरेट तर जवळपास काठोकाठ भरलेली. सरांनी ब्युरेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि रजिस्टर काखेत मारून मीटिंगला निघाले. मी आणि दामूभाऊ पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे.

आत वयस्कर मालक आणि मॅनेजर बसले होते. सरांनी मंगळवारचा आकडा वाचला, बुधवारचा वाचला, आणि रजिस्टर मिटलं.

मॅनेजर म्हणाले, "आणि आजचा?"

"आजचा मला माहीत नाही."

"अहो, रजिस्टरमध्ये लिहिलाय. माझ्या माणसाने बघितलाय."

"लिहिलाय. पण तो मोजलेला नाही."

"मग लिहिला कोणी?"

सर म्हणाले, "रजिस्टर माझं आहे."

एवढंच. मॅनेजरांनी मालकांकडे बघून हात पसरले, म्हणजे बघा, संपलंच हे. आणि मला दिसलं की हा माणूस माझ्या खोट्याखाली मुकाट्याने उभा राहिलाय आणि तसाच राहणार आहे. मला रडू फुटलं. रडत रडतच मी म्हणाले, "आकडा मी लिहिलाय. खोटा आहे. मोजलेला वेगळा आलाय."

सर गर्रकन वळले. "किती आलाय?"

"जास्त आलाय, सर."

"किती जास्त? सांग ना, सांग!" एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकेरी हाक मारली ती त्याच क्षणी. रागाने नाही. त्यांचे डोळे पोरासारखे लुकलुकत होते.

"खड्ड्यातल्या पाण्यापेक्षा जास्त."

सर मालकांसमोर चक्क मोठ्याने हसले. "टाकीत घाण वाढू शकत नाही. म्हणजे चाचणीने घाणीबरोबर आणखी काहीतरी मोजलंय. दामूभाऊ, आज बाटली किती टाकली?"

दामूभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "सायेब, आज पाव्हने येनार व्हते. तुमचं काम झ्याक दिसावं म्हून म्या एक कॅन वरून टाकला. बाईंना नाय सांगितलं. चुकलं आसंल तर मला बोला, बाईंना नका बोलू."

पाहुण्याच्या चहात साखर जास्त घालावी, तसं त्या माणसाने पेरॉक्साइड जास्त घातलं होतं! जळायला घाण उरली नाही, लोखंडही पुरलं नाही, आणि एरवी निवळण्याच्या वेळात उडून जाणारं उरलेलं पेरॉक्साइड पाण्यात तसंच बसून राहिलं. माझ्या चाचणीने तेही घाण म्हणून मोजलं. मी चुकले नव्हते आणि पद्धतही चुकली नव्हती. आम्ही दोघांनी निव्वळ मायेपोटी सरांना बुडवायला घेतलं होतं.

सरांनी दामूभाऊंच्या ट्रान्झिस्टरचा जुना सेल मागवला, तिथेच पेपरवेटने फोडला, आतली काळी पूड चिमूटभर घेतली आणि मालकांपुढच्या नितळ पाण्याच्या बाटलीत टाकली. पाणी सोडावॉटरसारखं फसफसलं. मालक दचकून मागे सरकले आणि मग पुढे वाकले.

"ही पूड पेरॉक्साइड फोडते. हे जे पळतंय, ते उरलेलं औषध," सर म्हणाले. "पाणी तापवून ते घालवतो आणि परत मोजतो. तीन तास लागतील."

"आणि तीन तासांनी काय दाखवाल?" मालकांनी विचारलं.

"माहीत नाही. जे येईल ते दाखवू."

मालक थांबले. मला वाटतं, त्या 'माहीत नाही'मुळेच थांबले. सरांनी चाचणीला हात लावला नाही. सगळी मीच केली, आणि ते खिडकीत उभे राहून आपल्या कवटीच्या बीकरमधून चहा पीत होते. आकडा अर्ध्याच्या बराच खाली आला. पण मी लिहिलेला खोटा आकडा या खऱ्यापेक्षा जास्त सुंदर होता, हे सांगायला हवं.

मॅनेजर मला काढायचं म्हणत होते. सर म्हणाले, "वाईट आकडा चार माणसांत उभं राहून जिने सांगितला, तिला काढून तुम्ही ठेवणार कोणाला?" दामूभाऊंना ते एवढंच म्हणाले, "पाव्हण्याला साखर जास्त घाला, पाण्याला घालू नका." मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवलं. मी माझ्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी दोन्ही खरे आकडे लिहिले, सही केली आणि ते पान मिटलं. पुन्हा ते कधी उघडलं नाही. मला धीर झाला नाही.

टाकी बांधली. वर्ष-दीड वर्षाने सोमवारी सर बाटली भरून आणायला गेले तेव्हा जिजाबाई म्हणाल्या म्हणे, "आता पानी पान्यावानी दिसतं. पन तुमी येत जा. सवय झाली तुमची." सर ही गोष्ट महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

मला मात्र एक गोष्ट आतून खात होती. त्या गुरुवारनंतर सरांनी माझ्या आकड्यांवर खूण करणं बंद केलं. रजिस्टर ते रोज बघत, पानं उलटत, पण पेन्सिल खिशातच राही. मी समजून चुकले की माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. बोलण्यात फरक नव्हता, चहा तसाच, चेष्टा तशीच. पण खूण नाही. मी ते माझं प्रायश्चित्त मानलं आणि प्रत्येक चाचणी दोनदा करायची सवय लावून घेतली. ती आजही सुटलेली नाही. लोक मला चिकित्सक म्हणतात ते त्यामुळेच.

ऐंशीचं दशक संपता संपता सर निवृत्त झाले. निरोपाला पांढरा शर्टच घालून आले होते, आणि दामूभाऊंनी नारळ देताना हाताचा रंग त्याला लावला. सरांनी भाषण थांबवून त्याभोवती गोल काढला. दुसऱ्या दिवशी लॅब माझ्या ताब्यात आली. जुनी रजिस्टरं कपाटात लावताना ते रजिस्टर हाती आलं, आणि म्हटलं, आता बघायला हवं. पान उघडलं. माझी रेघ होती, रेघेखालचा खोटा आकडा स्वच्छ वाचता येत होता, शेजारी दोन खरे आकडे. त्या खोट्या आकड्याभोवती पेन्सिलने नीट गोल काढलेला होता, शर्टावरच्या डागाभोवती काढत तसाच. गोलाशेजारी तारीख. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, इतकी वर्षं माझी वाट बघत थांबलेली:

"इथून पुढे बाईंचे आकडे तपासण्याची गरज नाही."